गोंड्याखालचा भोवरा

काकूंनी अट घातली तेव्हा त्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकांकडेही नाही.

“एकडाव तिनं कोन्हाला पाठीवर घेऊन दिवसभर पळावं अन् ते माणूस धडधाकट घरी आणावं. ती बी धडधाकट यावी. मंग मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई तर बाजार.”

ती म्हणजे घोडी. माणूस म्हणजे मी.

काका-काकू माझे नात्याचे कोणी नाहीत. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे त्यांचं शेत आहे आणि बाबांची काकांशी ओळख ऑफिसच्या कामातून झाली. कॉलेज संपवून मी जालन्याला घरी परतले, पुण्याच्या कंपनीचं काम घरातूनच करू लागले, आणि हळूहळू घराबाहेर पडेनाशी झाले, तेव्हा बाबांनी मला एका रविवारी तिकडे नेलं. मी चार माणसांत मिसळावं असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्या जनावरांत रमले. काकांच्या आजोबांच्या काळी मेंढरांमागे फिरताना सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असायचं. आता त्यांच्याकडे कापूस आहे, सोयाबीन आहे, ट्रॅक्टर आहे. घोड्यांचं खरं तर काही काम उरलेलं नाही, पण काकांना ते सोडवत नाहीत. खोगिरावर बसायला त्यांनीच मला शिकवलं. ते शिकवताना फार बोलत नाहीत, ते मला बरं पडलं.

ही घोडी त्यांच्याच अंगणात जन्मलेली. तांबूस रंगाची, बुटकी, छातीला रुंद. तिच्या उजव्या डोळ्याखाली, आसू ओघळावं नेमक्या त्या जागी, केसांचा एक भोवरा आहे. गालावरचे बाकीचे केस सरळ खाली उतरतात आणि तेवढ्याच ठिकाणी गोल फिरून एका टिंबापाशी येऊन थांबतात. मला तो सुंदर वाटला होता. पहिल्याच दिवशी मी मोबाइल काढून त्याचा फोटो घ्यायला गेले तेव्हा काका म्हणाले, “त्याचा नको काढू.”

अशा घोड्याला आसूढाळ म्हणतात. ज्या दारात तो बांधलेला असतो त्या घरात रडणं येतं, असं मानतात. जाणती माणसं घोडा बघताना दातांच्या आधी डोळ्यांखाली बघतात. त्यामुळे आसूढाळ घोडी पाळायला कोणी नेत नाही. बाजारात ती वीटभट्टीवाल्याच्या हाती जाते, आणि तिथून पुढे कुठे जाते ते मी विचारलं नाही.

काकूंचा धाकटा भाऊ या घोडीवर पहिल्यांदा हौसेने बसला होता. त्याच वर्षी पोळ्याच्या आधी तो तापाने गेला. पुढच्या वर्षी काकांच्या मोटरसायकलला ट्रॉलीने धडक दिली आणि त्यांच्या मोडलेल्या मांडीत डॉक्टरांना सळई घालावी लागली. मी इंग्रजी माध्यमात शिकले. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिली दुसरीचं कारण होत नाही, हे मला इंग्रजीत व्यवस्थित मांडता आलं असतं. मराठीत, काकूंच्या समोर, भिंतीवर त्यांच्या भावाचा हार घातलेला फोटो असताना, ते वाक्य जुळेना. मी फक्त मान हलवली.

शर्यत आसपासच्या घोडेवाल्यांनीच मिळून ठेवलेली होती. साठ किलोमीटर, तीन सारख्या फेऱ्यांत. त्यात पहिलं येण्याला फारसं महत्त्व नसतं. प्रत्येक फेरीनंतर मैदानात परतायचं, जनावरांच्या डॉक्टरांनी घोड्याचे ठोके मोजायचे, हिरड्या बघायच्या, त्याला थोडं दुडकं पळवून लंगडतोय का ते पाहायचं. ठोके वेळेत खाली आले नाहीत तर घोडा बाद. शेवटची रेघ ओलांडली तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत शर्यत पूर्ण झाली असं धरत नाहीत. काका मांडीतल्या सळईमुळे दिवसभर बसू शकत नव्हते, आणि बसण्यासारखं दुसरं कोणी त्या घोडीजवळ यायला तयार नव्हतं.

पौषातली सकाळ होती. मैदानाच्या एका बाजूला पराट्यांचे, कापसाच्या वाळल्या काड्यांचे, ढीग पेटवलेले होते आणि तो धूर वर न जाता जमिनीलगत पसरत होता. धुरातून घोड्यांचे नुसते पाय दिसत. कुठेतरी एक टिटवी एकसारखी ओरडत होती. काकांनी घोडीला लगाम चढवला आणि मग खिशातून काळ्या लोकरीचा मोठा गोंडा काढला. गालावरून जाणारा पट्टा त्यांनी दोन भोकं वर ओढून घेतला, डोळ्याच्या अगदी खाली आणला, आणि गोंडा त्याला अशा बेताने बांधला की भोवरा पूर्ण झाकला गेला. दुसऱ्या बाजूलाही तसाच एक गोंडा लावला, म्हणजे शंका येऊ नये.

“घट्ट होत नाहीये ना?” मी विचारलं.

“बराबर हाय. लोकायनं बघितलं तं आपल्या बाजूला कोन्ही घोडा उभा करणार न्हाई. तू बिलकुल हात नको लावू त्याला.”

घोडीने मान दोनदा झटकली. गोंडा हलला, पुन्हा जागेवर बसला.

पहिल्या फेरीत माझ्या शेजारी टेंभुर्णीहून आलेला एक जण होता. त्याचं तिकडे बियाण्यांचं दुकान होतं, पांढरा उंच घोडा होता, आणि तोंड एक क्षण बंद नव्हतं. मला बोलावं लागत नव्हतं म्हणून मला तो आवडला.

“मॅडम, तुमच्या घोडीचं लगीन हाय का आज? येवढे गोंडे?”

मी हसल्यासारखं केलं.

“न्हाई, बरंय. नवरी घेऊन चालल्या तुम्ही. माझा ह्यो नवरदेवच हाय. घरी खातो अन् बाहेर मिरवतो.”

वाट आधी पांदीतून, दोन बांधांमधल्या गाडीवाटेने, होती, मग ज्वारीच्या शेतांमधून, मग कालव्याच्या भरावावर. वळणावळणावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. घोडी छान चालली होती. तिची दुडकी चाल अशी आहे की पाठीवरच्या माणसाला हलकं वाटतं. पण कालव्यावर आलो तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. ती सारखी मान उजवीकडे आत ओढत होती आणि गाल छातीवर घासायला बघत होती. मी लगाम सैल सोडला. तिने गाल पुढच्या पायावर घासला आणि अडखळली.

“नवरी लाजून राह्यली,” टेंभुर्णीवाला म्हणाला.

पहिल्या तपासणीत सगळं ठीक निघालं. डॉक्टर मध्यमवयीन होते, टोपी घातलेले, फार न बोलणारे. त्यांनी ठोके मोजले, ओठ वर करून हिरडी दाबली, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ते डोळ्याकडे वाकले तेव्हा काका मध्ये झाले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पानी पेली बरं का, दोन बादल्या पेली.” डॉक्टरांनी मान हलवून पुढच्या घोड्याकडे मोर्चा वळवला. काकांच्या कपाळावर घाम होता. ऊन अजून चढलेलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीला वारा सुटला. कापूस निघून गेलेल्या रानात अडवायला काही नसतं, माती सरळ अंगावर येते. मी रुमाल नाकावर बांधला. घोडीला काही बांधता येत नव्हतं. गोंड्याच्या लोकरीत माती आणि घाम बसून तो जड झाला होता आणि दर पावलाला तिच्या गालावर आपटत होता. टप, टप, टप. एकदा तो आवाज ऐकू यायला लागल्यावर मला दुसरं काही ऐकू येईना.

एका वस्तीवर पाणी ठेवलेलं होतं. मी उतरून घोडीला हौदापाशी नेलं. तिने तोंड पाण्यात घातलं नाही. नुसती उभी राहिली. एक म्हातारा बाजेवरून उठून जवळ आला, घोडीभोवती अर्धा फिरला आणि थांबला.

“कोन्हाची हाय?”

मी काकांचं गाव सांगितलं.

“डोळ्यातून पानी गळून राह्यलं तिच्या.”

मी उजव्या बाजूला गेले. गोंड्याखालून एक ओली रेघ निघून नाकपुडीपर्यंत आली होती. धुळीमुळे ती काळी दिसत होती. मी गोंडा उचलून बघायला हात नेला आणि तो तसाच थांबवला, कारण म्हातारा बघत होता. त्याच्या मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एकीने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, आमच्यापासून लांबच्या.

“धूळ गेली असेल,” मी म्हणाले.

“धुळीनं दोन्ही डोळे गळत्येत,” म्हातारा म्हणाला.

उरलेली वाट मी तिला चालतच नेलं असतं, पण वेळेची मर्यादा होती. टेंभुर्णीवाला पुढे जाऊन माझ्यासाठी थांबला होता. “काय झालं नवरीला?” त्याने विचारलं. मी काही नाही म्हणाले. घोडी डावीकडून नीट चालत होती, पण उजव्या बाजूला एखादं झुडूप जरी आलं तरी दचकत होती. तिची पापणी मिटली होती हे वरून मला दिसत नव्हतं. मला फक्त तिचा कान दिसत होता, उजवा, सतत त्या बाजूला वळलेला.

मैदानात पोचलो तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर स्वतःच पुढे आले. “हे काय बांधलंय?” म्हणाले आणि पट्टा सोडला. गोंडा त्यांच्या हातात आला. खाली पापणी सुजून मिटलेली होती. पट्ट्याची कड आणि लोकरीतली वाळू दिवसभर तिथेच घासली होती. आणि त्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी निघून, भोवऱ्यात उतरून, त्या वळलेल्या केसांमधून गोल फिरून खाली गळत होतं.

आमच्याभोवती सात-आठ माणसं होती. मागून कोणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, “आसूढाळ हाय.” ज्यांचे घोडे जवळ बांधलेले होते त्यांनी ते सोडून मैदानाच्या पलीकडे नेले. घाई न करता, जणू सावली बघून. एकाने जाता जाता काकांना म्हटलं, “पाव्हणं, आधी सांगायला पायजे व्हतं.” काका खाली बघत होते.

डॉक्टरांनी डोळ्यात हिरवं औषध टाकून बॅटरीने पाहिलं. “पापणी सोलली आहे आतून. बुबुळ आत्ता तरी ठीक आहे. ठोके उत्तम, चाल उत्तम. मी हिला बाद करत नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पण पट्टा परत बांधायचा नाही. आणि तुम्हाला थांबायचं असेल तर आत्ता थांबा. थांबण्यात कमीपणा काही नाही.”

काका माझ्याकडे बघत होते. थांबले असते तर घोडी टेम्पोतून घरी गेली असती, दिवस पुरा न करता, एक डोळा मिटलेला. काकूंनी काही विचारलंही नसतं. सोमवारचा बाजार होता.

“जाते,” मी म्हणाले.

काकांनी पंचा भिजवून घोडीच्या डोळ्यावर धरला. “मी लपिवलं नसतं तं...” एवढंच ते म्हणाले.

टेंभुर्णीवाला खोगीर कसत होता. मी जवळ गेल्यावर त्याने तंगाचा पट्टा उगाच पुन्हा सोडला, पुन्हा ओढला.

“मॅडम, मी जरा पुढं व्हतो. माझ्या घोड्याला जल्दी हाय,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “तुमच्यावर न्हाई हां काही. घरी लहान लेकरं हायेत.”

तिसरी फेरी मी एकटीने केली.

दुपार कलली होती. आधीच्या घोड्यांच्या टापांनी चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या. वाटेवरच्या गावात चहाच्या टपरीसमोरून जाताना बाकावरची माणसं बोलता बोलता गप्प झाली आणि मी पुढे गेल्यावर पुन्हा बोलू लागली. मला लोकांच्या नजरेची भीती लहानपणापासून आहे; वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं तरी माझे तळवे ओले व्हायचे. पण ही नजर माझ्यावर नव्हती. ती माझ्या खाली, घोडीच्या गालावर होती, आणि तिथून वर माझ्यापर्यंत येत होती. मी किती वेळ टिकते ते बघत असल्यासारखी.

मी मनात हिशेब करू लागले होते, हे मला नंतर उमगलं. टिटवी डावीकडून गेली. बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी घोडी थबकली. एका बाभळीला तुटलेला पतंग लटकत होता, त्याचा दोरा माझ्या गळ्याला लागला. यातलं काहीही सकाळी घडलं असतं तर मी पाहिलंही नसतं.

कालव्यावर आलो तेव्हा पाणी उजवीकडे होतं. तिच्या मिटलेल्या बाजूला. पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ, आणि भराव दोन माणसं शेजारी चालतील एवढाच रुंद. घोडी पुढे जाईना. ती मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्याने पाण्याकडे बघायची, मग समोर बघायची, आणि तेवढ्यात पाणी तिच्या लेखी नाहीसं व्हायचं. नुसता आवाज राहायचा. मी उतरले. पायी नेलं तर चालतं, फक्त शेवटची रेघ खोगिरावर बसून ओलांडायची असा नियम होता. मी तिच्या उजव्या बाजूला गेले, पाण्याच्या आणि तिच्या मधे, आणि लगाम धरून चालू लागले. तिला निदान माझा वास तरी त्या बाजूने येईल, असं वाटलं.

तशी ती चालली. बरंच अंतर आम्ही तसं चाललो. माझा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि तिच्या डोळ्यातलं पाणी अधूनमधून माझ्या बाहीवर पडत होतं.

डावीकडच्या रानातल्या विहिरीवर कोणीतरी पाणी उपसायचं इंजिन सुरू केलं. धड् असा पहिला ठोका झाला आणि घोडी माझ्यावर आली. पूर्ण अंगाने. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. माझा पाय काँक्रीटच्या उतारावरून सरकला, शेवाळ होतं, आणि मी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत पाण्यात गेले. पाणी वरून संथ दिसत होतं. आत ते पाय ओढत होतं. मला पोहता येत नाही. लगाम मात्र माझ्या मनगटाला एक वेढा बसून अडकला होता. काका नेहमी सांगत, वेढा घेऊ नको, घोडं बुजलं तर फरफटत नेईल. वेढा कधी पडला मला माहीत नाही.

घोडी मागे सरकली. चारही पाय रोवून, मान खाली घालून, मागे मागे. घोडं घाबरलं की मागेच जातं, यात तिचा काही विचार असेल असं मी म्हणत नाही. पण ती जशी मागे गेली तशी मी उतारावरून वर आले, पोटावर, कोपर खरचटत, आणि भरावाच्या मातीवर पडले. इंजिन एका लयीत चालू होतं. ते चालू करणारा माणूस पाठमोरा होता. कोणीही काही पाहिलं नव्हतं.

मी उठले तेव्हा घोडी माझ्यापासून एक हात लांब उभी होती, तिची उजवी बाजू माझ्याकडे. मिटलेला डोळा आणि त्याखालचा ओला भोवरा. मला तिच्याजवळ जायला वेळ लागला. खरंच वेळ लागला.

शेवटची रेघ ओलांडताना टाळ्या वाजल्या नाहीत. बहुतेक घोडे आधीच आले होते. टेंभुर्णीवाल्याचा पांढरा घोडा ठोके उतरत नाहीत म्हणून बाद झाला होता. काकांनी आणि मी तिच्या मानेवर, पायांच्या मधे पाणी मारलं, घामाचं पाणी हाताने निपटून काढलं, पुन्हा मारलं. डॉक्टरांनी ठोके ऐकायची नळी लावली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी तिला पळवून आणायला सांगितलं. काका लंगडत तिच्या पुढे पळाले, घोडी मात्र सरळ पळाली.

“पास,” डॉक्टर म्हणाले. मग डोळ्याकडे बघून, “उद्या सकाळी हे दाखवा मला. नक्की.”

मी माझ्या ओल्या कपड्यांबद्दल त्यांना काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. सगळेच भिजलेले होते.

आम्ही शेतावर पोचलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. काकू दारात उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. त्यांनी तो माझ्यावरून उतरवून टाकला. मग त्यांचं लक्ष टेम्पोतून उतरणाऱ्या घोडीकडे गेलं. त्या काही बोलण्याआधीच काका म्हणाले, “पट्ट्यानं झालं ते. मी बांधला व्हता. गोंडा लावून.”

“का बांधला?”

“लोकं बघत्येत म्हणून.”

“लोकं,” काकू म्हणाल्या. त्या घोडीकडे बघत राहिल्या. “इतकी वर्सं मी कव्हर घातलं का तिच्यावर? रोज बघते मी ते तोंड. अन् तुम्ही चालले झाकायला.”

काकू माझ्याकडे वळल्या. माझी पँट कमरेपर्यंत ओली होती, कोपर सोललेलं होतं.

“तुला काय झालं?”

“कालव्यात पडले.”

“कशी?”

मला सोपं उत्तर देता आलं असतं. घसरले म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं.

“तिनं ढकललं,” मी म्हणाले. “इंजिनाला बुजली. मी पाण्यात गेले. मग तिनंच ओढून काढलं.”

काकांनी वर पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं. तांब्यातलं उरलेलं पाणी काकूंनी हळूहळू जमिनीवर ओतलं.

“ढकललं बी तिनंच अन् काढलं बी तिनंच,” त्या म्हणाल्या. “आता ह्याला मी काय म्हणू? धडधाकट म्हणू?”

“मी आले ना,” मी म्हणाले. एवढं तोंड वर करून मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. “ती पण आली. तुम्हीच म्हणाला होता.”

“म्हणले व्हते.”

घोडी खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली होती, कडबा हुंगत, खात नव्हती. काकू तिच्यापर्यंत गेल्या. त्यांनी हात लावला नाही, पण गेल्या.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “जबान दिली ती दिली. पण आता ती ह्यांची न्हाई अन् माझी बी न्हाई. तुझ्या भरवशावर राहील इथं. ह्या घरात काही बरंवाईट झालं, तं मी दुसऱ्या कोन्हाला विचारणार न्हाई, तुला फोन करीन. चालन?”

शेवटचं त्या थोडं हसून म्हणाल्या. काकाही हसले, सुटल्यासारखे. मी हो म्हणाले. टेम्पोवाला मागे घ्यायला हॉर्न वाजवत होता.

घोडीच्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. डॉक्टर म्हणाले, थोडं दिसत राहील. मी दर रविवारी जाते, औषध घालते, तिला कालव्याच्या उलट्या दिशेने फिरवून आणते. ती खाते, पिते, खरारा करताना मान खाली सोडते. भोवऱ्यावरून मी हात फिरवते. मुद्दाम फिरवते.

फोन आठवड्यात सुरू झाले. पहिला, वासराला हगवण लागली तेव्हा. काकू रागावलेल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. मी जनावरांच्या डॉक्टरांना कळवलं, वासरू बरं झालं. मग एकदा बोअरची मोटर जळाली. मग एकदा काकांची मांडी दुखायला लागली आणि सळईच्या जागी सूज आली. दर वेळी काकू तेवढंच सांगत आणि थांबत. मी काय करू शकते ते करत असे. जे करण्यासारखं नसे त्याबद्दल काय म्हणावं ते मला सुचत नसे, आणि त्या थांबलेल्या असत, आणि फोनमध्ये त्यांच्या अंगणातला आवाज येत असे: कोंबड्या, भांडं, आणि मधूनच घोडीचं नाकातून फुरफुरणं.

आता मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं की मी लगेच उचलत नाही. स्क्रीनवर पुण्याची मीटिंग चालू असते, सगळे इंग्रजीत बोलत असतात, आणि मी ते नाव बघत त्या घरातल्या एकेकाची आठवण करते. कोण शेतात गेलं असेल. कोण मोटरसायकलवर असेल.

परवा असाच आला. मी आवाज बंद करून बाहेर गॅलरीत गेले आणि उचलला.

“काय झालं?” मी म्हणाले.

तिकडून आधी नुसता कोंबड्यांचा आवाज आला.

“हुरड्याला या म्हणायला केला व्हता, बाबाला घेऊन,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, हळू आवाजात, “तू बी आता ‘काय झालं’ म्हणूनच फोन उचलाय लागली का गं?”